बोटीच्या रेसमध्ये ‘12 व्होल्ट’ म्हणजे नक्की किती, हे कोणीतरी लिहून द्या

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका कॉलेजच्या टेकफेस्टमधला रिमोटच्या बोटींच्या रेसचा फोटो आला होता, तळ्याच्या काठावर पोरं-पोरी रिमोट धरून उभी. बघून फार बरं वाटलं कारण या खेळाची बातमी कधी येतच नाही. म्हटलं या निमित्तानं दोन वर्षं मनात असलेली एक गोष्ट लिहून टाकावी. जरा टेक्निकल आहे पण अवघड नाही, आणि त्यात पोरांचे महिनोन्‌महिने आणि घरच्यांचे पैसे अडकलेले असतात.

माझं मिरजेत इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरिंगचं दुकान आहे. माझी भाची इंजिनीअरिंगला आहे, ती आणि तिच्या तीन मैत्रिणी दोन वर्षांपूर्वी माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत बोट बनवत होत्या, फायबरचा साचा, ब्रशलेस मोटर, खाली पाण्यातून पाइप फिरवून मोटर थंड ठेवायची सोय, सगळं स्वतः केलेलं. ज्या कॉलेजात रेस होती तिथल्या नियमात बॅटरीबद्दल एकच ओळ होती, बॅटरी 12 व्होल्टपेक्षा जास्त नको. पोरींनी 3 सेलची लिपो, म्हणजे तीन सेल एकत्र जोडलेली लिथियम-पॉलिमर बॅटरी (तिलाच पॅक म्हणतात), घेतली, तिच्यावर छापलेलंच असतं 11.1 व्होल्ट, म्हणजे नियमात बसते असं त्यांनी धरलं आणि मीही तेच धरलं.

रेसच्या दिवशी चेकिंगच्या टेबलावर एका सरांनी पॅकच्या पिवळ्या कनेक्टरला मीटर लावला, आकडा आला 12.57. सर म्हणाले बाद. भाची म्हणते, “सर, वर 11.1 लिहिलंय ना.” सर म्हणाले, “मीटर काय दाखवतोय ते बघ.” बरं, मीटर खरंच तेच दाखवत होता आणि सरांची काही चूक नाही, त्यांच्या हातात जी ओळ होती त्याप्रमाणे त्यांनी केलं. पण त्याच टेबलावर आमच्या आधी एक टीम गेली तिची बॅटरी पण 3 सेलचीच, फक्त त्यांनी सकाळी प्रॅक्टिस केली होती आणि परत चार्ज केलं नव्हतं म्हणून मीटरवर 11.9 आले आणि ते पास झाले, मग फायनलच्या आधी त्यांनी निवांत चार्जर लावून पॅक फुल केला, कारण चेकिंग एकदाच होतं. आणि तिसऱ्या टीमकडे यूपीएसमधली काळी लेड-ॲसिड होती, तिच्यावर मोठ्या अक्षरात 12V लिहिलेलं, म्हणून तिला मीटर लावलाच नाही कोणी. अशी बॅटरी चार्जरवरून नुकती काढली तर सहज 13 च्या वर दाखवते. म्हणजे एकाच टेबलावर एकाला लेबल बघितलं, एकाला मीटर बघितला, आणि घरी परत गेल्या त्या या चार पोरी. त्या दिवशी परतीच्या एसटीत कोणी काही बोललं नाही.

आता यात गोंधळ कुठे आहे ते सांगतो. लिपोचा एक सेल फुल चार्ज झाला की 4.20 व्होल्ट असतो, आणि लेबलवर जो 3.7 लिहितात तो मधला, वापरताना साधारण जो राहतो तो आकडा. 3 सेल म्हणजे लेबलवर 11.1 आणि फुल चार्जला 12.6. थ्रॉटल, म्हणजे रिमोटवरचा वेगाचा खटका, पूर्ण दिला की तोच पॅक 11 च्या खाली पण येतो. जुन्या निकेलच्या बॅटरीत 10 सेल म्हणजे लेबलवर 12, पण चार्जरवरून काढल्या काढल्या 14 च्या आसपास. त्यामुळे नुसतं ‘12 व्होल्ट’ लिहिलं तर कुठली बॅटरी, कधी मोजायची, फुल असताना की चालत असताना, काहीच कळत नाही. आणि 12.00 च धरायचा म्हटलं तर 3 सेलचा पॅक प्रत्येक सेल 4.0 पर्यंत उतरवून आणावा लागेल, म्हणजे साधारण पाचवा हिस्सा चार्ज तळ्यावर यायच्या आधीच फुकट घालवायचा.

बाहेरच्या देशात हा प्रश्न आधीच सोडवलेला आहे. अमेरिकेत नाम्बा आणि आयएमपीबीए अशा मॉडेल बोटींच्या दोन संघटना आहेत, तिथे इलेक्ट्रिक बोटींचे क्लासच व्होल्टेजवरून म्हणजे सेलच्या संख्येवरून पडतात, पी क्लास म्हणजे 4 सेलची लिपो, क्यू म्हणजे 6 सेलची, असं वर वर जातं. कोण कुठल्या क्लासमध्ये ते नावातच कळतं. निकेलचा जमाना संपून लिपो आली तेव्हा पण हिशोब जुळला, जुने 12 सेल म्हणजे 14.4 आणि लिपोचे 4 म्हणजे 14.8, जवळजवळ तेवढंच. युरोपातली नाविगा ही 1959 पासूनची संघटना, त्यांच्या बऱ्याच क्लासमध्ये सेलच्या संख्येबरोबर पॅकचं वजन पण बघतात, सरळ काट्यावर ठेवायचा. मला ही पद्धत फार आवडते, कारण व्होल्टेज ठरवलं की वेग बांधला जातो आणि वजन ठरवलं की किती वेळ तो वेग टिकेल हे बांधलं जातं, आणि दोन्ही गोष्टी टेबलावर अर्ध्या मिनिटात तपासता येतात.

काही लोक म्हणतील एवढं कशाला, पॉइंट-दोन-पॉइंट व्होल्टनं काय होतं. होतं. मोटर किती फिरणार ते व्होल्टेजवर ठरतं, आणि पाण्यातला पंखा फिरवायला लागणारी ताकद फेऱ्यांच्या तिसऱ्या घातानं वाढते, ढोबळ हिशोब आहे पण तळ्यावर तसंच दिसतं. 3 सेलऐवजी 4 सेल लावले तर व्होल्टेज वाढलं 33 टक्के, पण तोच पंखा तेवढ्याच प्रमाणात जास्त वेगानं फिरवायचा तर ताकद लागते सव्वादोन पटीच्या वर. आणि आता बाजारात एचव्ही म्हणजे हाय व्होल्टेज लिपो मिळते, दिसायला तशीच, पण सेल 4.35 पर्यंत चार्ज होतो, 3 सेलचे 13.05. म्हणजे साधारण साडेतीन टक्के व्होल्टेज जास्त आणि ताकद 11 टक्क्यांच्या आसपास जास्त. ज्या रेसमध्ये पहिल्या दोन बोटींत एका बोटीएवढंच अंतर असतं तिथे 11 टक्के म्हणजे निकालच झाला ना.

याच्यापुढची गोष्ट जास्त काळजीची. मर्यादा नीट लिहिलेली नसली की पोरं साधी लिपोच 4.25, 4.30 पर्यंत चार्ज करायला लागतात, चार्जरमध्ये सेटिंग बदलता येतं, कोणीतरी सीनियर शिकवतो. साधी लिपो त्याच्यासाठी बनवलेलीच नसते. माझ्या दुकानात असा एक पॅक आणला होता, उशीसारखा फुगलेला, वरचं निळं प्लास्टिक ताणून फाटायला आलेलं आणि गोडसर वास येत होता, आणणारा पोरगा तो दप्तरात वह्यांच्या मध्ये घालून बसमधून आला होता. मी तो बाहेर वाळूच्या बादलीत ठेवला तेव्हा कुठे माझा जीव खाली आला. म्हणून मला वाटतं की 4.20 ची मर्यादा ही आधी सुरक्षेसाठी हवी, रेसचं नंतर.

मोजायचं कसं हे पण लिहून ठेवावं लागतं, नाहीतर भांडण तिथेच परत. साध्या डिजिटल मीटरची अचूकता साधारण अर्धा टक्का, म्हणजे 12.60 ला साधारण 0.06 व्होल्ट इकडे किंवा तिकडे. टीमनं घरी एका मीटरवर 12.60 बघून यावं आणि टेबलावर 12.65 निघावं हे अगदी होण्यासारखं आहे, कोणी फसवत नसताना. म्हणून सगळ्यांना एकच मीटर आणि तो मीटर सकाळी पोरांना पण बघायला द्यायचा, ज्याला आपला चार्जर त्याच्याशी ताडून बघायचाय त्यानं बघावा. आणि पूर्ण पॅक मोजण्याबरोबर ते छोटं पांढरं बॅलन्स कनेक्टर असतं ना, त्याच्यावर सेल-चेकर लावायचा, अगदी स्वस्तात मिळतो. 3 सेलच्या पॅकला त्यात 4 पिना असतात, 5 दिसल्या की समजायचं 4 सेल आहेत, मग वर कितीही टेप गुंडाळलेली असू दे. प्रत्येक सेल वेगळा दिसतो, कुठला 4.20 च्या वर गेलाय तो लगेच कळतो.

तर माझी आयोजकांना, म्हणजे टेकफेस्ट घेणाऱ्या सगळ्याच कॉलेजांना हात जोडून विनंती आहे की त्या एका ओळीच्या जागी एवढं लिहा, बॅटरी फक्त लिपो, 3 सेल, पूर्ण चार्जला 12.60, मीटरच्या फरकासाठी 12.66 पर्यंत चालेल, कुठलाही सेल 4.22 च्या वर नको, मोजणी प्रत्येक हीटच्या, म्हणजे रेसच्या प्रत्येक फेरीच्या, आधी बोट पाण्यात सोडायच्या अगोदर, आयोजकांच्या एकाच मीटरवर. लेड-ॲसिड आणि निकेल चालवायच्या असतील तर त्यांचे आकडे वेगळे लिहा, किंवा त्यांची रेसच वेगळी घ्या. आणि ज्याचा आकडा थोडा वर निघेल त्याला लगेच घरी पाठवू नका, टेबलावर एक गाडीचा 12 व्होल्टचा बल्ब होल्डरमध्ये लावून ठेवा, पाच-दहा मिनिटं पॅक त्याच्यावर लावला, थोडा वेळ ठेवून परत मोजला की झालं. एचव्ही सेल किंवा जास्तीचा सेल निघाला तर मात्र सोडायचं नाही.

हे नियम रेसच्या आदल्या दिवशी सांगून उपयोग नाही, पॅक विकत घ्यायच्या आधी समजले पाहिजेत, म्हणजे फॉर्म भरतानाच. बॅटरी ही या पोरांच्या खर्चातली मोठी वस्तू असते, एकदा घेतली की बदलणं होत नाही, आमच्या चौघींनी तर पॉकेटमनी साठवून घेतली होती. आणि 3 सेलचीच बॅटरी ठरली की मोटरचा महागडा कंट्रोलर, मोठी मोटर असली चढाओढ पण आपोआप कमी होते, सांगली-कोल्हापूरकडच्या साध्या घरातली पोरं पुण्या-मुंबईच्या टीमसमोर बरोबरीनं उभी राहू शकतात.

भाचीचं हे शेवटचं वर्ष आहे. बोट तीच आहे, पंखा नवीन घासून घेतलाय, पॅक मी दुकानात प्रत्येक सेल 3.8 वर ठेवून दिलाय. या सीझनला ज्या कॉलेजात रेस असेल तिथे चेकिंगच्या टेबलावर बसायला मी स्वतःच्या खर्चानं यायला तयार आहे, मीटर, सेल-चेकर आणि बल्ब घेऊन. माझा पत्ता तुमच्या ऑफिसात कळवून ठेवलाय, कोणाला हवं असेल तर द्यावा ही विनंती.

आपला नियमित वाचक,
मिरज, जि. सांगली