गेंड्याला भेटायला या

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

तुम्ही अमेरिकेत आलात की येल युनिव्हर्सिटीच्या चित्रसंग्रहालयात जाऊ असं मी परवा फोनवर म्हटलं, तर आई म्हणाली, "युनिव्हर्सिटीच्या इमारतीत आम्हाला कोण आत सोडणार? आम्ही आपले बाकावर बसून राहू, तू तुझी कामं उरक." आणि मागून बाबांचा आवाज, "ब्रिटिशांच्या चित्रांचं आपल्याला काय कौतुक?" मी तेव्हा नुसती हसले. कारण हीच दोन वाक्यं मी स्वतःला इतके दिवस ऐकवत होते. फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, मला काही सांगू देत नाही, म्हणून बसून लिहितेय.

आधी आत सोडण्याचं. मला तरी कुणी ओळखीनं सोडलं? माझं ऑफिस न्यू हेवनमध्ये आहे एवढंच, येल युनिव्हर्सिटीशी माझा काडीचा संबंध नाही. ना गळ्यात कार्ड, ना कुणाची चिठ्ठी. मी २०२३ मध्ये इथं आले तेव्हा 'येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट', म्हणजे हे ब्रिटिश चित्रांचं संग्रहालय, बंदच होतं. छपरात उजेड आत घेणारे दोनशेहून जास्त छोटे घुमट आहेत, ते बदलायचं काम चाललं होतं. मार्च २०२५ मध्ये ते उघडलं, तरी पुढं कितीतरी महिने मी समोरच्या फुटपाथवरून जायचे आणि आत पाऊल टाकायचे नाही. खरं सांगायचं तर ती इमारत बाहेरून बोलावतही नाही. मळकट राखाडी पोलादाचे पत्रे आणि काचा. तिचा वास्तुविशारद लुई कान म्हणे सांगायचा की ढगाळ दिवशी ती पाकोळीसारखी दिसेल आणि उन्हात फुलपाखरासारखी. मला बरेच दिवस पाकोळीच दिसली.

खाली रस्त्याच्या अंगाला चक्क दुकानं आहेत. त्याची गंमत बाबांसाठी: युनिव्हर्सिटीच्या जागेवर शहराला मालमत्ता कर मिळत नाही, त्यामुळे एवढी मोक्याची जागा हातची जाणार म्हणून शहरात कुरबुर झाली, आणि मग तळमजल्याला गाळे काढायचं ठरलं. सिटी सर्व्हेत उभी हयात गेलेल्या माणसाला हे वाचून बरं वाटेल.

दार कोपऱ्यात आहे, थोडं आत ओढलेलं, बुटक्या छताखाली. अंधारातून जायचं आणि एकदम चार मजले उंच चौक, वरून उजेड पडतोय. पहारेकऱ्यानं फक्त पाठीवरच्या सॅककडे बोट दाखवलं. ती लॉकरमध्ये ठेवली, संपलं. तिकीट नाही, नाव-गाव नाही, "कुणाकडे आलात" नाही. पॉल मेलन नावाच्या श्रीमंत माणसानं आपला सगळा संग्रह आणि इमारतीचा पैसा या युनिव्हर्सिटीला दिला. तो इथलाच विद्यार्थी, पण दार मात्र सगळ्यांना मोफत. आई, लिफ्ट आहे, बसायला जागा आहेत आणि स्वच्छतागृह तळाशीच विचारून घेऊ. गुडघ्यांचा प्रश्न मिटला असं समज.

लुई कानचं आणखी एक. अहमदाबादची आयआयएम त्याचीच. मार्च १९७४ मध्ये तो तिथूनच परतत होता, आणि न्यू यॉर्कच्या पेन स्टेशनवर हृदयविकाराच्या झटक्यानं गेला. पासपोर्टवरचा पत्ता खोडलेला होता, त्यामुळे दोन दिवस घरच्यांना पत्ताच लागला नाही. हे सेंटर उघडलं १९७७ मध्ये, त्यानं ते पुरं झालेलं पाहिलंच नाही. त्याची पहिली मोठी इमारत, युनिव्हर्सिटीची आर्ट गॅलरी, १९५३ ची, रस्त्याच्या पलीकडे समोरच उभी आहे. तीही मोफत. पण एका दिवसात दोन्ही नकोत, दुसरीत पोचेपर्यंत आपण तिघंही फक्त बाकं शोधत असू.

वरच्या मजल्यावर आईनं जॉर्ज स्टब्ज या इंग्लिश चित्रकाराचा झेब्रा बघायचा. १७६३ चं तैलचित्र. इंग्लंडच्या राणीला भेट म्हणून आलेला झेब्रा, ही झेब्र्याची मादीच आहे, त्यानं एकेक पट्टा मोजून काढावा तसा काढलाय. कुठं पट्टा रुंद होतो, पोटाखाली कुठं विरतो, सगळं. आणि मागं मात्र हिरवंगार इंग्लिश रान. ती बिचारी त्या झाडीत अशी उभी आहे की जणू कुणीतरी "इथंच थांब, आलेच" म्हणून सांगून गेलंय आणि परत आलेलंच नाही. मी तिच्यासमोर खूप वेळ होते.

बाबांचा मुद्दा मी टाळत नाहीये. कौतुक करावं असंच सगळं तिथं नाही. ज्याच्या नावानं ही युनिव्हर्सिटी चालते तो एलिहू येल मद्रासचा गव्हर्नर होता, ईस्ट इंडिया कंपनीचा. तिकडून गब्बर होऊन आला आणि १७१८ मध्ये त्यानं मालाचे गठ्ठे आणि पुस्तकं धाडली, तेव्हा इथल्या कॉलेजला त्याचं नाव मिळालं. त्याचं एक चित्र या सेंटरच्या संग्रहात आहे. टेबलाभोवती चार बडी माणसं मजेत बसलीत आणि कडेला एक काळा पोरगा उभा आहे, गळ्यात चांदीचं कडं, कड्याला कुलूप. पोरगा म्हणजे अगदी लहान. २०२० मध्ये ते चित्र भिंतीवरून उतरवलं होतं, मग तो मुलगा कोण असावा याचा शोध घ्यायला लागले. तुम्ही म्हणता ते कौतुक मलाही तिथं जमलं नाही.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

इथं भिंतीवर असतं त्याच्या कितीतरी पट जास्त पेट्यांमध्ये असतं. जलरंग, रेखाटनं, जुनी पुस्तकं, डायऱ्या. कागदाला उजेड सोसत नाही, म्हणून ते फार दिवस टांगून ठेवत नाहीत. पण तुम्ही आधी कळवून वेळ घेतलीत तर अभ्यासिकेत बसून हवं ते चित्र समोर मागवता येतं. तुम्ही म्हणजे कुणीही. मला ते खरं वाटेना. त्यांच्या वेबसाइटवर संग्रहाची यादी आहे, तिच्यात उगीच 'पूना' टाकून बघितलं. तर आलं काय? पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा, नोव्हेंबर १७९०. चित्रकार गंगाराम तांबट.

बाबा, मी खुर्चीत ताठ बसले. सवाई माधवरावांचं पुणं, पर्वतीच्या पायथ्याचा शिकारखाना, आणि त्यात गेंडा! आसामकडचा प्राणी, कुठून कसा आणला असेल देव जाणे. गंगाराम हा पुण्याचाच. इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला त्यांचा वकील, चार्ल्स मॅलेट तेव्हा पुण्यात होता, त्याच्यासाठी तो चित्रं काढायचा. वेरूळची लेणीही त्यानं काढली, तीही इथल्या संग्रहात आहेत. मॅलेटमार्फत ती सगळी चित्रं साता समुद्रापार गेली आणि पुढं मेलनच्या संग्रहातून इथं आली.

मी वेळ मागितली आणि ती मिळालीसुद्धा. त्या दिवशी मी परीक्षेला जावं तशी गेले. टेबलाशी बसल्याबरोबर सवयीनं पर्समधून बॉलपेन काढला. समोरच्या बाई काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्या हाताशी एक पेन्सिल आणून ठेवली आणि पेनाकडे बघत राहिल्या. मी शहाण्यासारखा तो परत आत टाकला. (शाईचा एक थेंब पडला तर सव्वादोनशे वर्षांचं वाटोळं, कळतं मला, पण कान गरम झालेच.) मग त्यांनी पेटी आणली, जाड पुठ्ठ्याच्या चौकटीतला कागद दोन्ही हातांनी अलगद उचलला आणि टेबलावर ठेवला. आणि बाजूला झाल्या. इतकंच. मी आणि गेंडा.

मोबाईलवर बघताना तो नुसता गेंडा होता. जवळून बघितला तेव्हा पहिल्यांदा दिसली ती कातडी. मानेपाशी, खांद्यावर, मागच्या पायावर त्या जाड घड्या, एकावर एक आलेल्या, पत्रा वाकवावा तशा. तांबट आडनाव डोक्यात होतं म्हणून असेल, पण मला ठोक्याची भांडी आठवली. धातू हातात घेऊन वाढलेल्या माणसाला ती कातडी मऊ वाटलीच नसेल. आणि रेघ, बाबा! तुम्ही ट्रेसिंग क्लॉथवर शेवटची रेघ ओढताना श्वास धरायचात ना, आम्हाला हलूसुद्धा द्यायचा नाहीत, तशी रेघ. कुठं बिचकलेली नाही. लंडनमध्ये त्या झेब्रेवाल्या स्टब्जनंही साधारण याच सुमारास गेंडा काढला होता. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नसणार. मला विचाराल तर आपला सरस आहे, पण मी काही तटस्थ नाही.

मी तिथं तासभर होते. कुणी "झालं का" म्हणून विचारलं नाही. बाहेर आल्यावर तुम्हाला फोन करणार होते, पण तिकडे रात्रीचा दीड वाजला होता.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय, बाबांनी तो संगणकावर मोठा करून बघावा, मोबाईलवर काही कळत नाही. तरी प्रत्यक्षातला वेगळा. तुमची तिकिटं पक्की झाली की तारीख कळवा, मी तिघांच्या नावानं अभ्यासिकेत वेळ मागते. तुम्ही येऊन दोन-चार दिवस झाले की जाऊ, जेट लॅगमध्ये गेंड्यासमोर डुलक्या नकोत. आईला तिथं कंटाळा आलाच तर झेब्रा वरच आहे, लिफ्टनं सोडून येते.

बाबा, शर्टाच्या खिशातलं शाईपेन त्या दिवशी घरी ठेवायचं. वाद घालू नका. पेन्सिल ते देतात.

तुमची
लेक