चिखलासाठी घेतली, चिखलानेच भाव पाडला

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दर दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या नव्या फोर बाय फोरचं, म्हणजे इंजिन चारही चाकं फिरवू शकतं अशा गाडीचं, पानभर कौतुक असतं. फोटोत गाडी ओढ्यातून पाणी उडवत चाललेली, नाहीतर लाल मातीत चाकं रुतवून उभी. शेवटी एक चौकट असते: इंजिन, ताकद, गिअर, एक्स-शोरूम किंमत. हीच गाडी दीड-दोन वर्षांनी विकायला काढली तर काय येईल, हे त्या चौकटीत मी आजवर एकदाही वाचलेलं नाही. मी साताऱ्यात गेली 22 वर्षं गाड्यांच्या विम्याचं काम करतो, त्यामुळे घसाऱ्याचे आकडे रोज टेबलावरून जातात. पण आकडा टेबलावरून जाणं वेगळं आणि घरातून जाणं वेगळं. 2026 च्या जानेवारीत भाच्याची गाडी विकायला मी सोबत गेलो होतो.

भाचा हिंजवडीत नोकरीला. 2024 च्या दसऱ्याला त्याने गाडी घेतली. डिझेल, फोर बाय फोर, एक्स-शोरूम 16 लाख. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार त्या एका कंपनीची नाहीच. घेताना मी म्हणालो होतो, "अरे, डांबरी रस्त्यावरून ऑफिसला जायला एवढी कशाला?" त्यावर ठरलेलं उत्तर आलं, "मामा, फोर बाय फोरला रिसेल असतो. दोन वर्षं हौस करायची, नको वाटली तर विकायची."

आता या ‘रिसेल असतो’चा हिशेब बघा. 16 लाखांवर रोड टॅक्स. आपल्या राज्यात 10 ते 20 लाखांच्या डिझेल गाडीला 14 टक्के, म्हणजे 2 लाख 24 हजार. विमा आणि किरकोळ खर्च मिळून 96 हजार. गाडी रस्त्यावर आली तेव्हा 19 लाख 20 हजार झाले होते. त्यावर हौस: मड टायर, पुढे विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र), टपावर कॅरिअर आणि दिव्यांची पट्टी. हे सगळं 1 लाख 60 हजारांत बसलं. एकूण 20 लाख 80 हजार. पंधरा महिन्यांत गाडी 14,800 किलोमीटर चालली आणि 13 लाख 40 हजारांना गेली. गेले 7 लाख 40 हजार. भागाकार करून बघितला तर किलोमीटरला बरोबर 50 रुपये. डिझेल दोन रुपयांनी वाढलं की आपण चौकात उभे राहून सरकारला बोलतो, आणि इथे डिझेलचा खर्च किलोमीटरला आठ रुपयेसुद्धा नव्हता.

बरं, एवढ्यावरही सुटला नाही. सात वर्षांचं 17 लाखांचं कर्ज होतं. पंधरा हप्ते बिनचूक भरून बाकी 14 लाख 70 हजार, आणि गाडीचे आले 13 लाख 40 हजार. बँकेचा बोजा उतरल्याशिवाय एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, मिळत नाही, आणि एनओसीशिवाय गाडी नावावर होत नाही. म्हणून वरचे 1 लाख 30 हजार खिशातून घातले. गाडी देऊन वर पैसेही द्यायचे, असा व्यवहार आमच्या घरात तरी पहिलाच.

हायवेलगतच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात गाडी बघायला पंचविशीतला एक मुलगा आला. बॉनेट उघडलं नाही, मीटर बघितला नाही. कुठल्याशा नगरसेवकाच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स जमिनीवर अंथरला आणि मोबाईलचा टॉर्च लावून तो सरळ गाडीखाली गेला. बाहेर आला तो स्किड प्लेटवरच्या, म्हणजे गाडीच्या पोटाखालच्या संरक्षक पत्र्यावरच्या, ओरखड्यांचे फोटो घेऊनच. मग मागच्या सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढला. शेवटच्या वितीवर चिखलाची रेघ आहे का, ते बघायला. पट्ट्याचा तो भाग एरवी गुंडाळलेला असतो, धुवायला कोणी काढत नाही. कार्पेटची कड उचलून बोट फिरवलं, बोट नाकाला लावलं. शेवटी डिफरेन्शियलच्या, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याच्या, ऑइलचा बोल्ट सैल करून दोन थेंब बोटावर घेतले. आत पाणी गेलं असेल तर ऑइल दुधाळ होतं. आमचं स्वच्छ होतं. तरी त्याने विचारलंच, "पाण्यात घातली होती का?"

मी भाच्याचा हात दाबेपर्यंत तो अभिमानाने बोलून गेला, "हो, बामणोलीकडच्या ओढ्यात, दोनदा." मुलगा हसला. म्हणाला, "माहितीये दादा, तुमचे रील बघितलेत. नंबर प्लेट दिसते त्यात." आणि रफ यूजचे म्हणून 60 हजार कमी केले.

संपादक महाशय, माझा मुद्दा इथेच आहे. ही गाडी विकताना कंपनी तिला ओढ्यातून नेऊन दाखवते. तुमच्या पुरवणीतही ती ओढ्यातच असते. आणि तीच गाडी गिऱ्हाइकाने ओढ्यात घातली की बाजार त्याला दंड लावतो. आमच्या शेजारीच त्याच मॉडेलची दुसरी गाडी उभी होती, आमच्याहून दीड वर्ष जुनी, कोथरूडच्या सोसायटीतली. लो रेंजचा, म्हणजे चिखलात-चढावर जादा जोर लावायच्या गिअरचा, लिव्हर न वापरून इतका घट्ट झालेला की मुलाने दोन्ही हातांनी ओढला तेव्हा हलला. तिचा भाव आमच्यापेक्षा फक्त 40 हजारांनी कमी! म्हणजे फोर बाय फोरचे पैसे द्यायचे, ते मिरवायचं, पण वापरायचं नाही. आयुष्यभर कपाटात ठेवलेल्या पैठणीसारखं.

मग ‘फोर बाय फोरला रिसेल असतो’ हे आलं कुठून? ते अगदीच खोटं नव्हतं. ऑक्टोबर 2020 मध्ये महिंद्राची नवी थार आली तेव्हा मागणी एवढी की महिनोन्महिने नंबर लागत नव्हता. त्यात 2021-22 मध्ये जगभर गाड्यांत लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिपचा तुटवडा आला. वाट बघायला नको म्हणून लोक वर्षभर वापरलेली गाडी जवळजवळ नव्याच्या भावात उचलत होते. माझ्याच गिऱ्हाइकांपैकी दोघांनी त्या काळात घेतलेल्या किमतीला गाडी विकल्याचं मला ठाऊक आहे. पण तो भाव गाडीचा नव्हता, टंचाईचा होता. कांदा एखाद्या वर्षी 80 रुपयांनी गेला म्हणून पुढच्या वर्षी सगळं शिवार कांद्याचं करणाऱ्याला आपण काय म्हणतो?

टंचाई सरली. जानेवारी 2023 मध्ये थारचं फक्त मागची चाकं फिरणारं मॉडेल 9 लाख 99 हजारांपासून आलं. ज्यांना नुसतं रूपडं हवं होतं ते तिकडे वळले. 15 ऑगस्ट 2024 ला पाच दरवाजांची थार रॉक्स आली. मागे बायका-मुलांना चढवताना ज्यांची कंबर धरत होती त्यांनी तीन दरवाजांची विकायला काढली. मारुतीच्या जिम्नीचं तर आणखी लवकर झालं. जून 2023 मध्ये किंमत 12 लाख 74 हजारांपासून होती आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात खास आवृत्तीच्या नावाखाली ती 10 लाख 74 हजारांपासून मिळू लागली. जूनमध्ये रांग लावून घेतलेल्या माणसाच्या गाडीचं काहीही न बिघडता सहा महिन्यांत दोन लाख उडाले. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीला त्याच दिवशी खाली यावं लागतं, मग ती तुम्ही कितीही पुसून ठेवा.

जीएसटीचंही तेच. 22 सप्टेंबर 2025 ला, घटस्थापनेच्या दिवशी, नवे दर आले. मोठ्या एसयूव्हीवर सेस धरून 50 टक्क्यांपर्यंत जाणारा कर 40 वर आला, लहान इंजिनाच्या चार मीटरच्या आतल्या गाड्या थेट 18 मध्ये गेल्या. लोकांनी पेढे वाटले, वाटावेतच. पण आदल्या दसऱ्याला गाडी घेतलेल्याने जादा कर भरलेला होता आणि तो परत मिळणार नव्हता. भाच्याच्या मॉडेलची नवी किंमत लाखभराने उतरली. जानेवारीत त्या मुलाने पहिलं वाक्य तेच टाकलं, "नवीच आता केवढ्याला येते, बघितलंत का?"

आता थोडं माझ्या धंद्याबद्दल. विम्यात गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, ठरवायचा एक तक्ता आहे. सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के घसारा, वर्षापर्यंत 15, दुसऱ्या वर्षात 20, तिसऱ्यात 30, चौथ्यात 40, पाचव्यात 50. हॅचबॅक असो की डोंगर चढणारी, तक्ता एकच. आणि तो लागतो कंपनीच्या छापील किमतीला. रोड टॅक्स त्यात धरत नाहीत. म्हणजे भाच्याचे 2 लाख 24 हजार विम्याच्या लेखी पहिल्या दिवसापासूनच शून्य होते. चोरी किंवा पूर्ण नुकसानीच्या वेळी ते मिळावेत यासाठी ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ हे वेगळं कलम घ्यावं लागतं. ते सुचवलं की गिऱ्हाईक मला म्हणतं, तुमचं कमिशन वाढतंय. ओढ्यात इंजिनने पाणी ओढून घेतलं तर तेही साध्या पॉलिसीत बसत नाही, त्याला ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे आणखी एक कलम लागतं. शर्यतीत उतरवली तर दावाच बसत नाही. ओढ्याच्या जाहिरातीत यातली एक ओळ असायला काय हरकत आहे?

हौशीच्या सामानाचे तर कोणी पाच पैसे देत नाही. उलट मुलाने सांगितलं, मूळ टायर असतील तर ते लावून आणा, हे काढा. गाडीत मनाजोगते बदल करण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल आहे, आरटीओची नोंद नसेल तर घेणारा बिचकतो, हे मी समजू शकतो. मूळ टायर भाच्याने टायरवाल्यालाच देऊन टाकले होते. ते परत मिळवायला निराळे पैसे गेले, ते मी वरच्या हिशेबात धरलेलेही नाहीत.

गंमत म्हणजे ज्या गाड्यांनी आमच्या जिल्ह्यात खरा चिखल तुडवला, त्यांना रिसेलची चिंता कधी नव्हती. पाटण-जावळीच्या खोऱ्यात वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेऊन चालणाऱ्या, कमांडर जीपा आत बारा माणसं आणि टपावर शेळ्या घेऊन पावसाळ्यात चढायच्या. त्यातल्या बहुतेक टू व्हील ड्राइव्हच. आज नीट ठेवलेली महिंद्राची जुनी एमएम 540 जीप बाजारात आली तर हौशी लोक तिच्यासाठी भांडतात. तिचा भाव पडायचा तेवढा केव्हाच पडून गेला. ज्याला खरंच दऱ्याखोऱ्यांत फिरायचंय त्याने चार-पाच वर्षांची, कागद साफ असलेली गाडी घ्यावी, असं मी सांगतो. पहिल्या मालकाने पहिल्या वर्षांचा मार खाल्लेला असतो. पण नव्या गाडीला हार घालताना शोरूममध्ये जो फोटो निघतो, तो जुन्या बाजारात निघत नाही, हेही खरं.

तर विनंती एवढीच. पुरवणीतल्या त्या चौकटीत आणखी एक ओळ टाका. त्याच कंपनीची आधीची तशीच गाडी एक वर्षानंतर आणि तीन वर्षांनंतर पुण्याच्या बाजारात काय भावाने जाते, ती. शोधायला अवघड नाही. वार्ताहराला एक सकाळ जुन्या बाजारात पाठवा, आणि गाडी फोटोतल्यासारखी ओढ्यातून काढलेली असेल तर भाव किती कमी होतो, हेही तिथे विचारायला सांगा.

भाचा आता साधी पेट्रोल हॅचबॅक चालवतो आणि गाड्यांचा विषय निघाला की मोबाईल बघायला लागतो. विंच माझ्या पडवीत पडून आहे. पंधरा महिन्यांत तो एकदाच वापरला गेला, दापोलीच्या वाळूत रुतलेली कोणाची तरी अल्टो ओढून काढायला.

आपला,
एक वाचक, सातारा