चक्रीय वाहतुकीची सुरुवात खरेदीच्या करारापासून हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विजेवर चालणाऱ्या वाहनांविषयी आपल्या दैनिकात अलीकडे बरेच लिहून येते. त्यात चक्रीय अर्थव्यवस्थेचा, म्हणजे वस्तू आणि तिच्यातला माल फेकून न देता पुन्हा पुन्हा वापरात ठेवण्याचा, विषय निघाला की चर्चा थेट भंगारावर जाते. गाडी मोडीत काढायची, लोखंड वितळवायचे, बॅटरीतून लिथियम परत मिळवायचे, की झाले काम. अवजड वाहनांच्या कार्यशाळेत नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला हा विचार शेपटाकडून धरल्यासारखा वाटतो. वितळवणे हा अगदी शेवटचा उपाय. त्याआधी वस्तू टिकवणे, दुरुस्त करणे, तिचे सुटे भाग दुसऱ्या गाडीला लावणे हे टप्पे येतात, आणि ते पार पडणार की नाही याचा निकाल बहुधा गाडी विकत घेतली त्याच दिवशी लागलेला असतो.

मोटार भंगारात गेल्यावर तिचे काय होते ते पाहा. चाके, बॅटरी, तेल आणि धुरातले प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून घेतला की उरलेला सांगाडा श्रेडरमध्ये जातो. त्याचे तुकडे तुकडे होतात आणि चुंबक त्यातले लोखंड उचलतो. पण काचा वर-खाली करणाऱ्या, वायपर फिरवणाऱ्या, सीट सरकवणाऱ्या छोट्या मोटरींमधली तांब्याची तार त्या लोखंडाला चिकटूनच वर येते. वायरिंगचे तुकडेही चुरगळलेल्या पत्र्यात अडकलेले असतात. भट्टीत एकदा मिसळलेले हे तांबे पोलादातून सहजासहजी बाहेर काढता येत नाही, कारण भट्टीत ऑक्सिजन फुंकला तर तांब्याच्या आधी लोखंडच जळते. असे पोलाद तापवून लाटायला घेतले की पृष्ठभागाला चिरा पडतात. म्हणून या भंगाराचा पुन्हा मोटारीचा पत्रा सहसा होत नाही, बांधकामाच्या सळया होतात. सळया काही वाईट नाहीत. पण नव्या मोटारीच्या पत्र्यासाठी खाणीतून नवे लोखंड काढावे लागते ते लागतेच. शिवाय विजेवरच्या गाडीत तांबे आणखी जास्त असते.

युरोपीय संघाच्या २००० सालच्या निर्देशानुसार, २०१५ पासून मोडीत निघालेल्या वाहनांच्या वजनापैकी ९५ टक्के भाग पुन्हा वापरात किंवा अन्य उपयोगात आणावा लागतो. यात काही भाग जाळून ऊर्जा मिळवणेही धरले आहे. उद्दिष्ट चांगलेच आहे, पण ते किलोत मोजलेले आहे. पत्र्याचा पत्रा झाला की सळई झाली, हे किलोत दिसत नाही. श्रेडरआधी वायरिंग ओढून काढले तर फरक पडतो, पण ते चटकन ओढता येईल असे बसवलेले हवे. म्हणजे पुन्हा प्रश्न गाडी बनवणाऱ्याकडे गेला.

आता ट्रकच्या टायरचे उदाहरण घेऊ. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. टायर झिजला म्हणजे फक्त वरचे रबर झिजलेले असते. आतले केसिंग, म्हणजे पोलादी तारांचा मूळ सांगाडा, धडधाकट असू शकतो, आणि टायरचा बहुतेक माल त्या केसिंगमध्येच असतो. रिट्रेडिंग करताना जुने रबर यंत्रावर घासून काढतात, खिळ्याची भोके आणि सुटलेले थर तपासतात, कच्च्या रबराचा पातळ थर देऊन त्यावर नवा नक्षीदार पट्टा चढवतात आणि दाबाखाली उष्णतेने पक्का करतात. विमानांचे टायरसुद्धा असे अनेकदा नवे केले जातात, त्यामुळे ‘रिट्रेड म्हणजे दुय्यम’ ही समजूत सोडून द्यायला हरकत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. केसिंग वाचते की वाया जाते, हे हवेच्या दाबावर ठरते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, तापते आणि आतल्या तारा थकतात. बाहेरून टायर ठीक दिसतो आणि रिट्रेडिंगच्या तपासणीत बाद होतो. हवा रोज कोण बघणार? ज्याला टायर बदलून टाकायचाच आहे, त्याला काय पडले आहे?

मिशेलिन कंपनी मोठ्या ट्रक ताफ्यांना टायर विकण्याऐवजी धावलेल्या किलोमीटरमागे पैसे घेण्याचे करार करते. मग हवा तपासणे, खाचा पुन्हा खोल करणे, वेळेत रिट्रेडिंगला पाठवणे हे कंपनीच्या हिताचे होते, कारण झिजेचा खर्च तिच्याच अंगावर पडतो. विमानांच्या इंजिनांबाबत हा प्रकार तर १९६२ पासून आहे. ब्रिस्टल सिडले या कंपनीने आपल्या व्हायपर इंजिनासाठी उड्डाणाच्या तासामागे ठरावीक रक्कम घ्यायला सुरुवात केली आणि पुढे रोल्स-रॉइसने ती पद्धत चालू ठेवली. नादुरुस्त इंजिनाने ज्याचे नुकसान होते, त्यानेच ते बनवलेले असले की ते टिकाऊ निघते. यात पर्यावरणप्रेमाचा संबंध नाही, सरळ हिशेब आहे.

मात्र करार नुसता ‘सेवे’चा आहे म्हणून हुरळून जाऊ नये. भाड्याच्या विजेवरच्या स्कूटर पहिल्यांदा अनेक शहरांत आल्या, तेव्हा त्या काही महिन्यांतच निकामी होत होत्या. मालकी कंपनीकडेच होती, पण वस्तूच तकलादू होती. दुसरे म्हणजे सॉफ्टवेअरचे कुलूप. एका गाडीचा सुस्थितीतला दिवा किंवा कंट्रोल मॉड्यूल दुसऱ्या गाडीला लावले, तरी उत्पादकाने मान्यता दिल्याशिवाय ते चालत नाही, असे प्रकार वाढत आहेत. फ्रान्समध्ये २०१७ पासून गॅरेजवाल्याने ग्राहकाला वापरलेल्या सुट्या भागांचा पर्याय देणे बंधनकारक आहे. चांगला नियम आहे, पण भाग बसवल्यावर गाडीच त्याला ओळख देईना, तर मेकॅनिकने करायचे काय?

बॅटरीचेही तसेच. मूळ क्षमतेच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांवर आलेली बॅटरी गाडीला कमी पडते, पण एका जागी ठेवून वीज साठवायला चालते. ॲमस्टरडॅमच्या योहान क्रायुफ अरेना या फुटबॉल स्टेडियममध्ये २०१८ पासून नव्या आणि वापरलेल्या मोटार-बॅटऱ्यांची ३ मेगावॉटची साठवण यंत्रणा आहे. पण जुनी बॅटरी घेणाऱ्याला तिचा पूर्वेतिहास हवा असतो: किती वेळा जलद चार्जिंग झाले, किती उष्णता सोसली, कोणते मॉड्यूल (सेलचा गट) अशक्त आहे. ही माहिती बॅटरीतच असते आणि तिची किल्ली उत्पादकाकडे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमांनी फेब्रुवारी २०२७ पासून वाहनांच्या बॅटऱ्यांना डिजिटल पासपोर्ट, म्हणजे प्रत्येक बॅटरीच्या माहितीची संगणकीय नोंद, बंधनकारक केला आहे, तो याचसाठी महत्त्वाचा. त्याच नियमांत टाकाऊ बॅटऱ्यांतून २०२७ अखेर ५० टक्के आणि २०३१ अखेर ८० टक्के लिथियम परत मिळवण्याची अट आहे. ती बाजारावर सोडून भागले नसते. सध्या लोकप्रिय असलेल्या लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीत कोबाल्टही नाही आणि निकेलही नाही, म्हणजे महागडे धातूच नाहीत, त्यामुळे ती फोडून हाती फारसे काही लागत नाही. त्यात पुन्हा सेल एकमेकांना चिकटवून टाकलेले असले, तर एका खराब सेलपायी अख्खा पॅक बाद. बोल्ट असते तर पाना लावता आला असता.

जुने सगळे जपावे, असे मात्र मी म्हणत नाही. इंधनावरच्या गाडीचे बहुतेक प्रदूषण ती चालताना होते, तेव्हा धूर ओकणारे डिझेल इंजिन वर्षानुवर्षे रेटण्यात काही पुण्य नाही. पण इंजिन संपले म्हणून सांगाडाही संपतो असे थोडेच आहे? लंडनच्या भुयारी रेल्वेतून निवृत्त झालेल्या, १९८० च्या आसपासच्या ॲल्युमिनियमच्या डब्यांना नवी विद्युत यंत्रणा बसवून २०२१ मध्ये आइल ऑफ वाइट बेटावर धावायला लावले. त्यांनी तिथे ज्या गाड्यांची जागा घेतली, त्याही लंडनच्याच जुन्या होत्या, १९३८ च्या मालिकेतल्या!

बस आणि रेल्वेगाड्या घाऊक विकत घेणाऱ्या सार्वजनिक संस्थांच्या हाती यात मोठी ताकद आहे, कारण एवढे मोठे गिऱ्हाईक कोणताही उत्पादक सोडत नाही. निविदेतच लिहून घ्यावे की दुरुस्तीची माहितीपुस्तिका आणि दोष शोधण्याचे सॉफ्टवेअर खरेदीदाराच्या कार्यशाळेला मिळेल, बॅटरीचे मॉड्यूल सुटे बदलता येतील, तिच्या प्रकृतीची नोंद खरेदीदाराला वाचता येईल आणि गाडीचे आयुष्य संपल्यावर ती परत नेण्याचा खर्च उत्पादकाकडे राहील. किंमत थोडी चढेल, हे मान्य. पण सुट्या भागाअभावी महिनोन् महिने आगारात उभ्या राहणाऱ्या गाडीचा खर्च कुठल्याच निविदेत दिसत नाही.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. नव्या बसखरेदीच्या बातमीत गाड्यांची संख्या आणि एका चार्जिंगमध्ये धावणारे अंतर आवर्जून असते. त्याच बातमीसाठी संबंधितांना एवढेही विचारावे की बॅटरी गाडीतून उतरवली की ती कोणाची आणि ती उघडण्याचा अधिकार कोणाला. मिळेल ते उत्तर छापावे. ‘माहिती उपलब्ध नाही’ असे मिळाले, तर तेही छापावे.

आपला नियमित वाचक,
निवृत्त कार्यशाळा पर्यवेक्षक