वृंदास पत्र : ब्रेलचं यंत्र घेण्याआधी

रामबाग, इंदूर
रविवार

प्रिय वृंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझा व्हॉइस मेसेज मिळाला. "ब्रेलचं यंत्र कुठलं घेऊ, ऑर्बिट, फोकस की ब्रेलसेन्स, एका वाक्यात सांग." अगं, एका वाक्यात सांगण्यासारखं असतं तर त्या डीलरनेच सांगून टाकलं असतं. चहा करून घे आणि निवांत वाचायला बैस. खरं तर हे पत्र ब्रेलमध्येच टपालाने धाडणार होते. अंधांच्या साहित्याला सात किलोपर्यंत तिकीट लागत नाही, आणि मी लिहायला बसले की तेवढं वजन व्हायला वेळ लागत नाही. पण तुला घाई आहे, म्हणून फाइल.

माझ्याकडे जे आहे तेच तू घ्यायचं, हे आधी डोक्यातून काढ. माझं काम बँकेतलं. दिवसभर खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड. अकरा अक्षरं, त्यात पाचवं नेहमी शून्य. पण शाखेच्या कोडात पुढे शून्य आहे की इंग्रजी ओ, हे कॉम्प्युटरच्या स्पीचवर ऐकताना कान टवकारावे लागतात. बोटाला ते एका क्षणात कळतं. तुझं तसं नाही. तू शाळेत इतिहास शिकवतेस, तोही गुजरातीतून. घरी मराठी वाचतेस. आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या कुठल्याही मंडळाचा कार्यक्रम असो, सूत्रसंचालनाला वृंदाताईच. म्हणजे तुला वाचायचंय जास्त, तेही पुष्कळदा लोकांसमोर उभं राहून, कानात इअरफोन न घालता.

ऑर्बिट आणि फोकस हे ब्रेल डिस्प्ले, म्हणजे फोन-कॉम्प्युटरला जोडलं की पडद्यावरचा मजकूर बारीक पिना उचलून बोटाखाली उमटवणारी यंत्रं. ब्रेलसेन्स हा नोटटेकर. नोटटेकरचं आधी उरकते, कारण तुझं मन तिकडे ओढ घेतंय हे आवाजावरून कळलं. नोटटेकर हा आपल्या पायावर उभा असलेला संगणक. लिहायची सोय, ईमेल, ब्राउझर, डायरी, कॅल्क्युलेटर, सगळं आत. बटण दाबलं की हजर. ब्लूटूथ जुळलं का, पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर का गप्प बसला, ही कटकट नाही. परीक्षा देणाऱ्या मुलांना, आणि दिसत नाही तसं ऐकूही येत नाही अशांना, मी डोळे झाकून (हस हवं तर) नोटटेकरच सुचवीन. पण त्याच्या पोटात आहे अँड्रॉइड, आणि ते म्हातारं होतं. २०१९ मध्ये आलेला ब्रेलनोट टच प्लस हा नोटटेकर अँड्रॉइड ८.१ वर चालतो. ब्रेलसेन्स ६ आला तेव्हा १० वर होता, नंतर १२ वर नेला. तुझ्या पर्समधला फोन आज कुठल्या आकड्यावर आहे ते बघ. पिना वर्षानुवर्षं उठत राहतील, पण बँकेचं ॲप त्याआधीच ‘आवृत्ती जुनी आहे’ म्हणून दार लावून घेईल. आणि किंमत? चाळीस सेलच्या (सेल म्हणजे एका ब्रेल अक्षराची जागा) साध्या डिस्प्लेच्या जवळजवळ दुप्पट. डिस्प्लेला स्वतःची अक्कल कमी, तेच त्याच्या पथ्यावर पडतं. फोन बदललास तर नवा फोन जोडायचा, झालं. फोकस ४० किंवा ब्रेलियंट बीआय ४०एक्स घे, यूएसबीने शाळेचा कॉम्प्युटर आणि ब्लूटूथने आणखी पाच यंत्रं जोडून ठेवता येतात.

डिस्प्ले एवढे महाग का, म्हणून तुझे हे कुरकुरतायत ना? त्यांना सांग, एका सेलमध्ये आठ पिना, आणि प्रत्येक पिनेला पिझो स्फटिकाची स्वतंत्र पट्टी. वीज मिळाली की पट्टी वाकते आणि पिन वर येते. चाळीस सेल म्हणजे ३२० पट्ट्या. असे सेल बनवणारे कारखाने जगात मोजकेच. जर्मनीचं मेटेक आणि जपानचं केजीएस ही त्यातली मोठी नावं. ऑर्बिट रीडर २० स्वस्त पडतं, कारण त्यात पिना उचलायची तऱ्हाच निराळी आहे.

आता जे कुणीही सांगत नाही ते. सेल किती हवेत याबद्दल जे काही वाचायला मिळतं ते इंग्रजी वाचणाऱ्यांनी लिहिलेलं असतं. त्यांच्या ग्रेड दोनमध्ये, म्हणजे संक्षिप्त ब्रेलमध्ये, ‘द’, ‘अँड’, ‘फॉर’ हे शब्द एकेका सेलात बसतात. वीस सेल त्यांना पुरतात, चौदावरही भागतं. आपल्याकडे संक्षेप नाहीत. मात्रेला सेल, अनुस्वाराला सेल, जोडाक्षर आलं की आधी चौथा ठिपका (सेलातल्या ठिपक्यांना क्रमांक असतात), त्यालाही सेल. ‘विद्यार्थ्यांसाठी’ बोटावर मोजून बघ. व, वेलांटी, ठिपका चार, द, य, काना, पुन्हा ठिपका चार, र, पुन्हा ठिपका चार, थ, य, काना, अनुस्वार, स, काना, ठ, वेलांटी. सतरा! फोकस १४ वर हा शब्द मावतच नाही, आणि वीसच्या यंत्रावर तो एकटाच ओळ अडवून बसतो. सरकारी परिपत्रकात असे शब्द रांगेने येतात आणि अंगठा पुढे-पुढे बटण दाबून दमतो. इंग्रजीवाला वीस सेलांत जेवढं वाचतो तेवढं वाचायला आपल्याला तीस तरी हवेत, असं माझं मत आहे.

सुगम्य पुस्तकालय या अंधांसाठीच्या ऑनलाइन वाचनालयातून तू ब्रेल फाइली उतरवून घेतेस, त्यांचंही बघ. त्यांच्या ओळी बहुधा चाळीस अक्षरांच्या कापलेल्या असतात. चाळीसच्या डिस्प्लेवर ओळीला ओळ बसते, वीसवर एका ओळीचे दोन सरळ तुकडे. बत्तीसवर मात्र एक लांब तुकडा आणि मागे त्याचं शेपूट. कविता वाचताना फार चीड येते.

दुसरी गोष्ट टेबलची, म्हणजे कुठल्या अक्षराला कुठले ठिपके याच्या तक्त्याची. यंत्रावर मराठी उमटवायचं काम बहुतेक ठिकाणी लिबलुई ही फुकट मिळणारी प्रणाली करते. तिच्यात मराठीचं टेबल आहे, गुजरातीचंही आहे. पण विकणाऱ्याने डेमोसाठी इंग्रजी टेबल लावलेलं असतं. त्यावर मराठी उघडलं की ‘क’ यायच्या जागी बोटाखाली तिरपी रेघ, एक्स, शून्य, नऊ, एक, पाच असं काहीतरी येतं. तो ‘क’चा संगणकातला क्रमांक. दुकानदार म्हणतो, "मॅडम, मराठी सपोर्ट नाही." सपोर्ट असतो गं, एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या ब्रेल सेटिंगमध्ये टेबल बदलायचं असतं, तेवढंच. १९५१ पासून भारती ब्रेल ही भारतीय भाषांची सामाईक ब्रेल लिपी असल्यामुळे गुजराती ‘ક’ आणि मराठी ‘क’ यांचे ठिपके तेच, एक आणि तीन. तुला वेगळं काही शिकायचं नाही. टेबल बदलायला किती कळा दाबाव्या लागतात, तेवढं बघून ठेव.

ऑर्बिट हातात घेतलंस की आधी ठिपके आवडतील. टणक, बोटाखाली दबत नाहीत, कागदापेक्षाही स्वच्छ लागतात. रात्री पडल्या पडल्या वाचायला झकास. पण ओळ एकदम बदलत नाही, सेल क्रमाने भरत जातात आणि खर्रर्र आवाज होतो. तू वर्गात सगळ्यांत वेगाने वाचायचीस, तुला ते थांबणं जाचेल. शिवाय माइकशेजारी ठेवलंस तर ‘आता आपल्यासमोर येत आहेत’ आणि ‘श्रीमती’ यांच्यामध्ये सभागृहाला ती खर्रर्रही ऐकू जाईल. ऑर्बिट रीडर २० ला सेलांवर कर्सरची बटणंही नाहीत. नुसतं वाचणाऱ्याचं काही अडत नाही. पण निवेदन लिहिताना मधलाच शब्द दुरुस्त करायचा तर त्या सेलवरचं बटण दाबून थेट तिथे पोचणं, हे सुख एकदा मिळालं की सुटत नाही.

दुरुस्तीबद्दल खोदून खोदून विचार. माझ्या पहिल्या यंत्राच्या एका सेलात तिसरी पिन उठेना. त्या सेलवर ‘क’ आला की ‘अ’ होई आणि ‘ल’ आला की ‘ब’. कमल नावाच्या बाई काउंटरला उभ्या, आणि मी त्यांना अमलताई म्हणतेय! दुरुस्तीला यंत्र परदेशी गेलं ते कित्येक महिने आलंच नाही, आणि बिल बघून हे दोन दिवस बोलले नाहीत. म्हणून मुंबईचं ब्रेलमी आणि आयआयटी दिल्लीत घडलेलं डॉटबुक, हीही हाताखालून घाल. डॉटबुकचं एक मॉडेल चाळीस सेलचं आहे. सेल साफ कोण करतं, कुठे करतं, तोवर दुसरं यंत्र मिळतं का, हे लेखी घे. आणि हात धुऊन वाचायची सवय लाव. आमच्याकडे पोह्यांवर शेव आणि जिरावन मसाला भुरभुरलेला असतो, ती बोटं पिनांवर फिरली की जिरावन थेट आत जातं. माझ्या टेबलावर आता नियमच आहे, डिस्प्ले उघडा असेल तर प्लेट खिडकीत.

तेव्हा माझं मत : चाळीस सेलचा, पिझोचा, कर्सर बटणांचा साधा डिस्प्ले. नोटटेकर नको. पैसे अगदीच कमी पडले तर वाचनापुरतं ऑर्बिट घे, आणि सूत्रसंचालनाला कागदावरचं ब्रेल चालू ठेव. कागद आवाज करत नाही आणि चार्जही करावा लागत नाही.

सोबत एक फाइल जोडली आहे. एक मराठी उतारा, एक गुजराती, आणि थोडे आकडे. डेमोला गेलीस की डीलरची फाइल बाजूला ठेवायला सांग आणि ही उघड. बसून वाच, मग उभी राहून एका हाताने वाच. काय झालं ते फोनवर सांग. फक्त चारनंतर कर, त्याआधी कॅश जुळवायची असते.

आईंना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझीच,
सुनीता