आजीचं किती, आजोबांचं किती

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

माझ्याकडून तुला जो डीएनए आला, त्यात निम्मा आजीचा आणि निम्मा आजोबांचा असणार, असं तू लिहिलंस. सरासरी तशीच येते, पण तुझ्या वाट्याला नेमकं तेवढंच आलं असेल असं नाही. बीजांड तयार होताना आजीकडचं आणि आजोबांकडचं गुणसूत्र, म्हणजे डीएनएची गुंडाळी, शेजारी-शेजारी येतात आणि तुकड्यांची अदलाबदल करतात. एका बीजांडात अशा साधारण ४० जागा असतात, शुक्राणूत २५ च्या आसपास. म्हणून तुझ्या बाबांकडून आलेले तुकडे माझ्याकडच्यांपेक्षा लांब.

तुमच्या पुस्तकांत याला पत्ते पिसण्याची उपमा देतात. मला ती पटत नाही, कारण पत्ते पिसणारा हवा तिथे हात घालतो. इथे जागा ठरलेल्या असतात. पुरुषांत अदलाबदल गुणसूत्रांच्या टोकांकडे जास्त होते, स्त्रियांत ती बरीच पसरलेली असते, आणि सेंट्रोमिअरजवळ, म्हणजे गुणसूत्राच्या कमरेसारख्या आवळलेल्या भागाजवळ, दोघांतही जवळपास नसतेच. आणखी बारकाईने पाहिलं तर बहुतेक अदलाबदल डीएनएच्या एक-दोन हजार अक्षरांच्या छोट्या पट्ट्यांत होते. यांना हॉटस्पॉट म्हणतात. असे पट्टे हजारो आहेत आणि त्यांच्या मधले लांब भाग पिढ्यान् पिढ्या जवळपास अखंड उतरतात.

या जागा पीआरडीएम९ नावाचं प्रथिन निवडतं, हे २०१० मध्ये उघड झालं. ते डीएनएतला ठरावीक अक्षरक्रम ओळखून तिथे बसतं, मग तिथेच डीएनए तुटतो. तुटलेली जागा समोरच्या गुणसूत्रावरून नक्कल करून भरली जाते. त्यात तो ओळखीचा क्रमच हळूहळू पुसला जातो! म्हणजे हॉटस्पॉट वापरला जातो तसा स्वतःला संपवतो. पण पीआरडीएम९ सुद्धा झपाट्याने बदलतं आणि नव्या जागा शोधतं. त्यामुळेच चिंपांझीचा डीएनए आपल्याशी इतका जुळूनही त्याचे हॉटस्पॉट जवळजवळ सगळे वेगळे. कुत्र्यांत तर हे प्रथिन बनवणारं जनुक निकामीच झालंय, तरी त्यांचं अडत नाही.

आणि हो, माझ्या बीजांडांतली ही सगळी अदलाबदल मी आजीच्या पोटात असतानाच उरकली होती. तुझा वाटा ठरायला तेव्हाच सुरुवात झाली म्हण ना.

तो नेमका किती, हे चेहऱ्यावरून सांगता येणार नाही. तुझा, माझा आणि आजीचा डीएनए ताडून पाहावा लागेल. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनए तेवढा मात्र अख्खा आजीकडचा. तिथे आजोबांचा काही संबंधच नाही.

तुझी,
आई