स्किमरचे झाकण : चौथे पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, आपली सोसायटी, पुणे

महोदय,

मार्चपासूनचे हे चौथे पत्र. पहिल्या तिन्हींची पोच आहे, उत्तर नाही.

पोहण्याच्या तलावाच्या काठावर (डेकवर) उथळ बाजूला स्किमरचे, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या खड्ड्याचे, जे गोल झाकण आहे, ते मधोमध तडकले आहे. मूळचे पांढरे, आता पिवळट. हात फिरवला तर बोटांना पीठ लागते. दहा वर्षे उन्हात राहिलेले प्लास्टिक असेच कुडकुडीत होते. त्याखाली पालापाचोळा अडवणारी जाळीची टोपली आणि गुडघाभर खोल खड्डा. पूलवाला रोज झाकण काढून टोपली झटकतो. स्क्रू कधीच हरवलेत, त्यामुळे झाकण नुसते टेकलेले असते.

गेल्या रविवारी माझ्या नातीचा पाय त्यात गेला. नडगी सोलवटली, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे लागले. त्यावर सचिवांनी मला फलकावरचे कलम ४ वाचून दाखवले : मुलांची वेळ सातपर्यंत, आणि तेव्हा सात दहा झाले होते. कलम ४ चा इथे काय संबंध? झाकण सातच्या आधीही फुटकेच होते. वाचायचेच तर कलम ६ वाचा : डेकवर खुर्च्या ठेवू नयेत.

ए-७०२ चे गृहस्थ रोज सकाळी पेपर घेऊन तिथेच खुर्ची टाकतात, आणि तिचा एक पाय नेमका झाकणावर असतो. त्यांच्या वजनाबद्दल मी बोलणार नाही. मी नम्रपणे सुचवले, तर म्हणाले, "दहा वर्षं बसतोय, काही झालं नाही." (२०१९ साली माझ्या पार्किंगमध्ये गाडी लावतानाही हेच गृहस्थ "दोनच मिनिटं" म्हणाले होते. तो अर्जही आपल्याकडे पडून आहे.)

बी विंगमधल्या अकरा कुटुंबांचा मला पाठिंबा आहे. सह्या तिघांच्याच आहेत, कारण बाकीचे गणपतीला गावी गेलेत.

खजिनदार म्हणतात, वार्षिक सभेनंतर बघू. उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधीपोटी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के आपण सगळे भरतो. त्यातून एक झाकण येत नसेल तर हिशेब मलाही बघायला आवडेल. मागच्या वेळी आणलेले झाकण अर्ध्या इंचाने लहान निघाले, पाय पडला की डगडगायचे. म्हणून कृपया आधी झाकण ज्यात बसते त्या कडीचे माप घ्यावे, त्याच कंपनीचे झाकण मागवावे आणि ते स्टेनलेस स्टीलच्या दोन स्क्रूंनी कसावे. तोवर ती खुर्ची वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवावी.

सध्या झाकणावर जी शेवंतीची कुंडी ठेवली आहे, ती आमची आहे. पॅसेजमध्ये कुंड्या ठेवल्याबद्दल आपण आम्हाला नोटीस दिलीत आणि त्यातलीच एक न विचारता खाली नेलीत. ती परत हवी आहे. अर्थात झाकण बसल्यावर. त्याआधी हलवू नये.

आपला,
बी-३०४