स्विंडनच्या वैनींना, डिचोलीहून

वैनी,

काल आमचा दीड दिवसाचा गणपती पोचवला. घरात अजून गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी तशीच आहे, खाली आरतीला वाजवायचं मातीचं घुमट पडलंय आणि माझी लेक त्याच्याशेजारी दमून झोपलीय. तिच्या आजीने तिला पहिल्यांदाच पातोळ्या करायला बसवलं, हळदीच्या पानावर पीठ लावताना अर्धं हाताला आणि अर्धं फ्रॉकला, आणि आईच्या तोंडावर जे होतं ते मी गेल्या दोन वर्षांत बघितलं नव्हतं. म्हटलं हे तुम्हाला आज लिहायचंच, फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, लगेच दुसरा विषय काढता.

हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय कारण आपल्या गोव्यातले कितीतरी जण पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेले, तिकडेच संसार झाले आणि काहींचे मोडलेही, आणि मुलाचं पुढे काय याची कोर्टात केस टाकली की काय होतं हे सांगणारं कोणी नसतं. मला तुम्ही होतात. नावं कुणाचीच लिहीत नाही. मुलांच्या केसची सुनावणी तिथे बंद दाराआड होते, कागद बाहेर टाकायचे नसतात, हेही तुम्हीच पहिल्या दिवशी बजावलं होतंत.

२०२४ च्या ऑक्टोबरात मी तुमच्या दारात आलो तेव्हा माझी काय अवस्था होती तुम्हाला माहितीय. चार महिने लेकीला नीट भेटलो नव्हतो. एका माणसाने फॉर्म भरून देतो म्हणून पैसे घेतले होते आणि नंतर फोन उचलत नव्हता. वकील परवडत नव्हता, सरकारी लीगल एड, म्हणजे सरकारी खर्चाने वकील, अशा केसमध्ये २०१३ पासून बहुतेकांना मिळतच नाही, घरात मारहाण किंवा मुलाला त्रास झाल्याचे पुरावे असले तर वेगळं. तुम्ही रात्रपाळी करून आला होतात, डोळे लाल, तरी चहा टाकलात आणि लॅपटॉप उघडून माझ्यासोबत सी१००, म्हणजे मुलाबद्दल कोर्टात अर्ज करायचा फॉर्म, भरायला बसलात. आधी मीडिएशनची, म्हणजे कोर्टाबाहेर समेट होतो का बघायची, ती पहिली मीटिंग करावी लागते हे मला तोपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं, त्याशिवाय साधारणपणे अर्ज घेतच नाहीत. ती केली, तिची आई काही आली नाही, मग मीडिएटरने सही केली आणि अर्ज गेला. फी तेव्हा २५५ पौंड होती. पगार कमी असला तर फी माफीचा अर्ज करता येतो हे तुम्ही सांगितलंत, मला लागू झाला नाही पण पुढे वेअरहाऊसमधल्या एकाला झाला.

अर्ज टाकल्यावर मला वाटलं आता पंधरा दिवसांत जज बोलावेल. तुम्ही म्हणालात, बाबा, कागदावर पाच-सहा आठवडे लिहिलेले असतात, तू जास्तच धर. नऊ आठवडे लागले. त्या नऊ आठवड्यांत तुम्ही मला दोन गोष्टी करू दिल्या नाहीत, तिच्या आईला रात्रीचे लांबलचक मेसेज पाठवणं आणि लेकीच्या शाळेच्या गेटवर जाऊन उभं राहणं. दोन्हीवरून मी तुमच्याशी भांडलो होतो. आज मनापासून माफी मागतो.

मग कॅफकॅसचा फोन. कॅफकॅस म्हणजे इंग्लंडच्या फॅमिली कोर्टाला मुलाच्या बाजूने सल्ला देणारी संस्था. पहिल्या सुनावणीआधी ते पोलिसांकडे आणि कौन्सिलच्या सोशल सर्व्हिसेसकडे दोघांचीही नोंद तपासतात आणि आई-बाप दोघांशी वेगवेगळं फोनवर बोलतात. या टप्प्यावर मुलाशी बोलत नाहीत. मी घाबरलो होतो की एक चुकीचा शब्द आणि सगळं गेलं. तुम्ही म्हणालात, ते तुझी परीक्षा घेत नाहीत, मुलगी सेफ आहे का एवढंच बघतात, विचारलं तेवढं खरं सांग. सांगितलं.

सुनावणीच्या तीन दिवस आधी त्यांचं पत्र आलं आणि त्यात तिच्या आईने सांगितलेलं होतं की मी पितो. मी दर रविवारी दोन बिअर घेत होतो, तेवढंच, आणि ते वाचून माझं डोकंच फिरलं. पाच पानं लिहून काढली, लग्नापासूनचं सगळं, तिची आई काय म्हणाली, माझी आई काय म्हणाली, दागिने, घरभाडं. ती पाच पानं घेऊन तुमच्याकडे आलो. तुम्ही शांतपणे सगळी वाचलीत. मग तुमच्या मुलाच्या वहीतलं एक पान फाडून माझ्यापुढे ठेवलंत आणि म्हणालात, यावर फक्त पोरीबद्दल लिही. किती वाजता उठते, काय खाते, शाळेत कोण मैत्रीण, कशाला घाबरते, तू तिला कधी आणि कसं भेटणार, शिफ्ट कशी जमवणार.

मला अर्धं पानही भरता येईना. मला माझ्या मुलीच्या वर्गशिक्षिकेचं नाव माहीत नव्हतं, वैनी.

त्या रात्री घरी जाऊन मी खूप रडलो. दुसऱ्या दिवशी शाळेला ईमेल केला, बाप म्हणून मला तिचे रिपोर्ट मिळू शकतात का विचारलं, मिळाले. मॅनेजरकडून शिफ्ट बदलायचं लेखी घेतलं. मग ते एक पान भरलं. बिअरबद्दल एकच ओळ लिहिली, खरी होती तेवढी, आणि मुलगी माझ्याकडे असेल तेव्हा अजिबात घेणार नाही ही दुसरी. आणि ‘ती बाई’ असं जिथे जिथे होतं तिथे तुम्ही पेनाने ‘तिची आई’ केलंत. मला तेव्हा राग आला होता. तेव्हापासून मी तेच म्हणतो, घरातसुद्धा.

कोर्टात तुम्ही मॅकेन्झी फ्रेंड, म्हणजे वकील नसलेल्याचा मदतनीस, म्हणून माझ्या शेजारी बसलात, आधी कळवून, परवानगी घेऊन. तुम्हाला बोलायची मुभा नव्हती, नुसतं टिपणं काढायची आणि मला कानात सांगायची. मी आवाज चढवायला लागलो की तुमचं पेन टेबलावर हळूच वाजायचं. मी सिनेमातलं कोर्ट डोक्यात घेऊन गेलो होतो. तिथे साधी खोली, लांब टेबल, जज, आणि सगळं मिळून चाळीस मिनिटं. त्याआधी कॅफकॅसची बाई बाहेर दोघांशी वेगवेगळं बोलून गेली, कारण त्याच दिवशी जमलं तर जमवायचं असतं. आमचं नाही जमलं. शनिवारी दोन तास भेट एवढं तात्पुरतं ठरलं आणि कॅफकॅसकडून सेक्शन ७ चा, म्हणजे मुलीच्या हिताबद्दलचा, रिपोर्ट मागवला. मला वाटलं हरलो. पार्किंगमध्ये तुम्ही म्हणालात, इथे हरणं-जिंकणं नाही, दोन तास मिळालेत ना, ते वेळेवर जा आणि कोर्टाचा क पण काढू नको तिच्यासमोर. एकही शनिवार चुकवला नाही, बर्फ पडला त्या दिवशीही चालत गेलो.

त्या रिपोर्टसाठी मात्र ते मुलीला शाळेत जाऊन भेटले. आठ वर्षांची ती. तिथल्या १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टमध्ये लिहिलंय की मुलाचं हित सगळ्यात आधी, आणि मुलाला काय वाटतं तेही त्याच्या वयाच्या समजेप्रमाणे ऐकायचं. तिचंच ऐकून सगळं ठरतं असं नाही, आईकडेच द्यायचं असाही नियम नाही. मार्चमध्ये रिपोर्ट आला. त्यात माझ्या लेकीने सांगितलेलं होतं, पप्पाच्या खोलीत माझी उशी नाहीय, आणि मम्मी-पप्पा दारात एकमेकांशी बोलत नाहीत तेव्हा माझ्या पोटात दुखतं. माझी पाच पानं एका बाजूला आणि हे एक वाक्य एका बाजूला. तिच्या आईनेही तेच वाचलं असणार, कारण त्यानंतर तिचा सूर बदलला.

शेवटी अडलं ते गोव्यावर. मुलांना परदेशी ठेवून घेतलं तर परत पाठवायचा जो १९८० चा हेग करार आहे त्यात भारत नाही. तिच्या आईच्या वकिलाने तेच धरलं की हा मुलीला नेईल आणि आणणार नाही. मला तो अपमान वाटला, मी काय माझ्या पोरीला पळवून नेणार? तुम्ही मला किचनमध्ये उभं करून विचारलंत, उलटं असतं, ती नेणार असती, तर तुला झोप लागली असती? नसती लागली. मग मीच आधी लिहून दिलं: परतीची तिकिटं दाखवीन, डिचोलीच्या घराचा पत्ता, भावाचा नंबर, रोज आपल्याकडच्या साडेआठला व्हिडिओ कॉल. एप्रिलमध्ये त्यावर कन्सेंट ऑर्डर, म्हणजे दोघांच्या संमतीने कोर्टाचा हुकूम, झाली, फायनल हिअरिंगपर्यंत गेलंच नाही. मुलगी दोघांकडे राहणार, माझ्याकडे एक आड एक वीकेंड, दर बुधवारची रात्र आणि सुट्ट्या निम्म्या. अशा ऑर्डरवर महिन्याच्या आत परदेशी नेऊन आणायला दुसऱ्याची परवानगी लागत नाही, तरी तुम्ही म्हणालात विचार, लेखी घे. विचारलं. तिने हो लिहिलं आणि खाली, आजीला नमस्कार सांग.

तुमच्या स्वतःच्या केसमध्ये तुमच्याबरोबर कोणीच नव्हतं हे मला फार उशिरा कळलं. पेट्रोलचेसुद्धा पैसे तुम्ही घेतले नाहीत, झोप किती गेली त्याचा हिशेब तर नाहीच.

आता काय, रविवारी लंडनला उतरतो, बुधवारी तिची शाळा. आईने तुमच्यासाठी नेवऱ्यांचा वेगळा डबा भरलाय, त्यावर लेकीने मराठीत ‘वैनी’ लिहिलंय, वेलांटी चुकलीय पण मी दुरुस्त केली नाही. सोमवारी संध्याकाळी घरी आहात की ड्युटी, तेवढं कळवा.

तुमचा,
लेकीचा बाप